इटलीत भाड्याची गाडी घेताना आपलं लायसन्स चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात तुम्ही दोघं नाशिकहून निघून मिलानला उतरणार. तिथं गाडी भाड्यानं घेऊन टस्कनी, मग स्वित्झर्लंडमधलं ल्यूसर्न, आणि बाराव्या दिवशी गाडी परत मिलानला. लायसन्स स्मार्ट कार्डाचं, सगळा मजकूर इंग्रजीत. गाडीच्या कंपनीच्या साइटवर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे परदेशात लायसन्ससोबत दाखवायची सरकारी पुस्तिका, 'असल्यास उत्तम' एवढंच लिहिलंय. तुमचा मित्र मागच्या वर्षी नुसत्या लायसन्सवर इटलीभर फिरून आला आणि त्याला कुणी हटकलं नाही. शिवाय पत्नीही मधूनमधून गाडी चालवणार आहेत, पण त्यांच्या लायसन्सवर माहेरचं नाव आहे. मग परमिट काढायचं का?

काढायचं. दोघांचंही काढायचं.

मी गेली सोळा वर्षं पुण्यातून लोकांना सेल्फ-ड्राइव्ह सहली आखून देतो. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, त्याचं कारण नीट सांगतो. परदेशात तुमचं लायसन्स तीन जण बघतात. पहिला विमानतळावरच्या काउंटरवरचा माणूस, दुसरा रस्त्यावरचा पोलीस आणि तिसरा विमा कंपनीतला. हा तिसरा तुम्हाला कधी दिसत नाही. गाडी सुखरूप परत गेली तर तो तुमची फाइल उघडतही नाही. गाडीला काही झालं, की मात्र तो पहिल्यांदा लायसन्सच मागतो.

काउंटरवाल्याला गाडी द्यायची असते. त्याच्या पद्धती कंपनीगणिक आणि कधीकधी माणसागणिक बदलतात, म्हणून साइटवर 'असल्यास उत्तम' अशी मोघम भाषा येते. कायदा इतका मोघम नाही. इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट तरी हवं, नाहीतर लायसन्सचं इटालियनमधलं अधिकृत भाषांतर हवं. नसेल तर दंडाची सुरुवातच 400 युरोंच्या वर होते. लायसन्स इंग्रजीत आहे याचा तिथं काही उपयोग नाही, कारण तिथल्या पोलिसाची भाषा इंग्रजी नाही. इंग्रजीत आहे म्हणजे जगात कुठेही चालेल, असं आपण धरून चालतो. हा समज लंडन, सिडनी, ऑकलंडला खरा ठरतो. रोमला ठरत नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला खरंच वाटतं. माझ्याकडून गेलेल्या बहुतेक कुटुंबांना पोलिसांनी एकदाही थांबवलेलं नाही. पण एक कुटुंब सिएनाच्या बाहेर एका चौकात समोरच्या गाडीला घासलं. कुणाला खरचटलंही नाही, नुसता दरवाजा चेपला. समोरच्या बाईंनी पोलिसांना बोलावलं. गृहस्थांनी घाईत परमिट काढलं नव्हतं, आणि काउंटरवर ते कुणी विचारलंही नव्हतं. जागेवर दंड झाला, तो त्यांनी भरला. खरा फटका नंतर बसला. 'फुल इन्शुरन्स' घेतलाय म्हणून ते निर्धास्त होते, पण त्या करारात बारीक अक्षरांत एक अट होती: चालकाकडे त्या देशात ग्राह्य अशी सगळी कागदपत्रं असली पाहिजेत, नसतील तर संरक्षण लागू नाही. दोन्ही गाड्यांच्या दुरुस्तीचे पैसे त्यांच्या क्रेडिट कार्डावरून कापले गेले. ते माझ्यासमोर बसून तो करार पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण अट खरोखर छापलेली होती. हजार रुपयांचा कागद नव्हता म्हणून हे सगळं झालं.

हो, फी हजार रुपयेच आहे. अर्ज फॉर्म 4अ मध्ये, परिवहनच्या सारथी पोर्टलवरून, तुमच्या भागातल्या आरटीओकडे. सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात. पूर्वी व्हिसाची प्रत आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागायचं. जानेवारी 2021 च्या अधिसूचनेनं या दोन्ही अटी काढून टाकल्या, व्हिसाची यासाठी, की कित्येक देशांत तो उतरल्यावरच मिळतो. तरी खिडकीवर एखादा कर्मचारी जुन्या सवयीनं मागतो, म्हणून विमानाच्या तिकिटाची प्रत फायलीत ठेवा, म्हणजे हेलपाटा वाचेल. परमिट परदेशात गेल्यावर निघत नाही. ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशाचं परमिट. फक्त परदेशात असताना मुदत संपली, तर आपल्या वकिलातीमार्फत नव्यासाठी अर्ज करायची सोय त्याच अधिसूचनेत झाली आहे.

परमिटची मुदत एक वर्ष, किंवा लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत. म्हणून फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. मी लोकांना निघायच्या महिनाभर आधी अर्ज करायला सांगतो. त्याआधी लायसन्सची तारीख बघा. पन्नाशी-पंचावन्नच्या पुढच्यांचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांवर येतं आणि ते हमखास विसरतं. लायसन्स नवीन करून घेतलं असेल, तर कार्डावर पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख आली आहे ना, तेही बघा. बहुतेक भाड्याच्या कंपन्यांना किमान एक वर्षाचं जुनं लायसन्स हवं असतं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कार्डावर फक्त मागच्या महिन्याची तारीख दिसली, की काउंटरवर समजावत बसावं लागतं.

परमिटची पुस्तिका हातात आली की खिडकी सोडायच्या आत ती उघडून बघा. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण माझ्याच घरात हे घडलंय. आम्ही दोघांची परमिटं काढली आणि घरी येऊन तशीच बॅगेत टाकली. काउंटरवरच्या मुलीनं पहिली पानं चाळलीही नाहीत, ती थेट शेवटच्या पानावर गेली. तिथं फोटोच्या बाजूला ए, बी, सी, डी, ई असे वाहनांचे वर्ग असतात आणि ज्या वर्गाची परवानगी आहे तिथं शिक्का मारलेला असतो. तिनं बोट बी वर ठेवलं. माझ्या पुस्तिकेत शिक्का होता. बायकोच्या पुस्तिकेत ती जागा कोरी होती. आरटीओत कुणाच्या तरी हातून मारायचा राहिला होता. मुलगी सौजन्यानं वागली, पण दुसरी चालक म्हणून बायकोचं नाव तिनं घातलं नाही, आणि मला नऊ दिवस एकट्यालाच गाडी चालवावी लागली. तेव्हा बी चा शिक्का, लायसन्सचा नंबर, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग हे सगळं तिथंच उभं राहून तपासा. बी म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची आणि चालक सोडून आठ जणांची गाडी. थायलंडला स्कूटर घेणार असाल तर ए चा शिक्का लागतो. फुकेतला भाड्याच्या स्कूटरवरून पडून, विमा नाकारला गेल्यावर हे कळणारे बरेच असतात.

परमिट म्हणजे लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर, एवढंच. ते एकटं चालत नाही, मूळ कार्ड सोबत लागतंच. आणि कार्ड म्हणजे प्लास्टिकचं कार्ड. आपल्याकडे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स पोलीस मान्य करतात, त्यामुळे हल्ली पुष्कळांचं मूळ कार्ड घरात कुठल्याशा खणात पडलेलं असतं. मिलानच्या काउंटरवर मोबाइलचा पडदा चालणार नाही. कार्ड आजच शोधा. हरवलं असेल तर आधी डुप्लिकेट, मग परमिट.

आता पत्नीच्या नावाचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनावच नव्हे तर मधलं नावही बदलतं, हे तिकडच्या माणसाला ठाऊक नसतं. त्याला लायसन्सवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. पासपोर्टवरही माहेरचंच नाव असेल तर काहीच करू नका, सगळं जुळतंय. पासपोर्ट सासरच्या नावानं असेल तर आधी सारथीवरून लायसन्सवरचं नाव बदलून घ्या, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून, आणि मगच परमिटचा अर्ज करा. उलट क्रमानं केलंत तर परमिट पुन्हा काढावं लागेल. मे महिना लांब आहे, वेळ पुरेल. वेळ नसताना विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत दाखवून काम झालेलं मी पाहिलंय, पण ती त्या माणसाची मर्जी असते. मर्जीवर बारा दिवसांची सहल आखू नका. गाडी सुरुवातीला तुम्हीच चालवणार असलात, तरी त्यांचं नाव सही करतानाच करारात घालून घ्या. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असताना काही झालं तर विमा नसल्यातच जमा.

नावाचीच गोष्ट क्रेडिट कार्डाला लागू आहे. डिपॉझिट ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच कार्डावर धरतात, आणि ते खरं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी डिपॉझिटसाठी चालत नाही, डेबिट कार्ड कुठे चालतं, कुठे नाही. नवऱ्याच्या नावावर बुकिंग आणि बायकोचं कार्ड, असं घेऊन जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 1 ऑक्टोबर 2020 पासून आपली नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ती आपण चालू करायची असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करा, मर्यादा वाढवा आणि पिन आठवतोय का ते इथंच एकदा वापरून बघा. आपल्याला ओटीपीची सवय लागली आहे, तिथल्या मशीनला पिन लागतो.

इंटरनेटवर शोधलंत तर 'इंटरनॅशनल ड्रायव्हिंग लायसन्स, घरपोच, दहा वर्षांची मुदत' अशा जाहिराती दिसतील. पैसे जातील आणि हातात एक चकचकीत कार्ड पडेल, ज्याला कायद्यात काही किंमत नाही. भारत 1949 च्या रस्ते वाहतुकीच्या जिनिव्हा करारात आहे आणि आपलं परमिट त्या कराराखालचं, सरकारनं दिलेलं, एक वर्षाचं असतं. दहा वर्षांचं म्हटलं तिथंच ओळखायचं. पूर्वी आपल्याच राज्याराज्यांत या पुस्तिकेचं रूप वेगळं असायचं आणि त्यामुळे बाहेर शंका घेतल्या जायच्या. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं देशभर एकच नमुना ठरवला आणि त्यावर मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड आला. त्याचा फार उपयोग झाला.

हा 1949 चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1968 चा व्हिएन्नाचा करार वेगळा, त्याखालचं परमिटही वेगळं. जपान फक्त 1949 वालं परमिट मानतो, म्हणून आपण तिथं गाडी चालवू शकतो, तीही आपल्यासारखीच डावीकडून. व्हिएतनाम 1968 वालं मागतो, म्हणून आपलं परमिट तिथं कामाचं नाही, हॉटेलवाला स्कूटर देत असला तरीही. चीन यातलं कुठलंच मानत नाही, तिथं तात्पुरतं स्थानिक लायसन्स काढावं लागतं. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये पर्यटकाला इंग्रजी लायसन्स पुरतं. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात आपल्या लायसन्सवर चालतं, पण तीन-चार राज्यांतून जाणार असाल तर परमिट जवळ ठेवा. स्पेन, ग्रीस, ऑस्ट्रिया इथं ते हवंच. दुबईला पर्यटक म्हणून परमिटवर गाडी मिळते, पण तिथला रहिवासी व्हिसा लागला की ते चालत नाही, तिथलं लायसन्स काढावं लागतं. नोकरीसाठी गेलेली आपली मुलं इथं हमखास चुकतात, कारण आधीच्या फेरीत परमिट चाललेलं असतं.

तुमच्या वाटेवरच्या स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकाच्या इंग्रजी लायसन्सवर आक्षेप घेत नाहीत. तिथं अडचण दुसरीच येते. इटलीत घेतलेली गाडी स्वित्झर्लंडमध्ये न्यायची परवानगी करारात लिहून घ्या. आणि स्विस मोटरवेवर जायला विन्येट, म्हणजे मोटरवेच्या टोलचा पास, लागतं, 40 फ्रँकचं, वर्षभराचं. दोन दिवसांसाठी वेगळं मिळत नाही. इटलीच्या गाडीवर ते बहुधा नसतंच. 2023 पासून ते ऑनलाइन, गाडीच्या नंबरवर घेता येतं. गाडी ताब्यात आली, नंबर कळला, की हॉटेलवर बसून घेऊन टाका. नसताना सापडलात तर 200 फ्रँक दंड आणि वर विन्येटही घ्यावं लागतं. मे महिन्यात फुर्का आणि ग्रिम्सेल हे घाट बहुधा बर्फामुळे बंदच असतात, तेव्हा नकाशात ती वाट दिसली तरी बेत गोटहार्डच्या बोगद्याचा धरा. सतरा किलोमीटरचा बोगदा आहे, टोल वेगळा नाही.

लायसन्सपेक्षाही जास्त पत्रं मला इटलीच्या एका पाटीबद्दल येतात. जुन्या शहरांच्या मध्यभागी झेड-टी-एल नावाचे भाग असतात, तिथं बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढरा गोल, भोवती लाल कडा, खाली 'झोना त्राफिको लिमितातो' अशी अक्षरं. शेजारी दिव्यांची पाटी असते आणि तिच्यावर 'वार्को अत्तिवो' असं उमटलेलं असतं. आपला माणूस 'अ‍ॅक्टिव्ह' वाचतो आणि रस्ता चालू आहे असं समजून आत जातो. खरा अर्थ उलटा आहे: बंदी चालू आहे, आत येऊ नका. कॅमेरा नंबर टिपतो, पोलीस नसतो, शिट्टी वाजत नाही, आणि फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधत तुम्ही त्याच कमानीतून तीनदा गेलात तर तीन दंड लागतात. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे 360 दिवस असतात. त्यामुळे पाकीट नाशिकला पुढच्या वर्षी येतं, आणि त्याआधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी कार्डावरून कापून घेते. पाकीट आलं तर ठेवून देऊ नका, पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट असते. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, तिन्हीकडे गाडी तटबंदीबाहेरच्या पार्किंगला लावा आणि पायी किंवा बसनं आत जा. हॉटेलच त्या भागात असेल तर आदल्या दिवशी त्यांना गाडीचा नंबर कळवा. बरीच हॉटेलं तो नोंदवून देतात, पण सामान उतरवण्यापुरताच, हे विचारून घ्या.

गाडी उजवीकडून चालवायची सवय व्हायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होतील, सगळ्यांचंच होतं. रात्रीच्या विमानानं उतरून लगेच मोटरवेला लागू नका. मिलानला विमानतळाजवळ एक रात्र झोपा, सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी घ्या आणि पहिला गोल चौक येईल तेव्हा शेजारी बसलेल्याला मोठ्यानं 'उजवीकडून आत, डावीकडून येणाऱ्याला आधी' असं म्हणायला सांगा. आमच्या घरात हे काम अजूनही बायको करते. गिअरची गाडी इटलीत स्वस्त पडते, पण डाव्या हाताची सवय उजव्या हातानं मोडायची आहे, म्हणून या पहिल्या फेरीला ऑटोमॅटिकचे जादा पैसे द्या.

तूर्त एवढं करा: दोघांची कार्डं, दोन्ही पासपोर्ट आणि तुमचं क्रेडिट कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि पाचही ठिकाणचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. पत्नीच्या पासपोर्टवर कुठलं नाव आहे ते मला कळवा, म्हणजे आधी लायसन्सवरचं नाव बदलायचं की थेट परमिटचा अर्ज करायचा, ते सांगतो.